माँजी नाही, माजी

“अरे भई, कोई इनकी माँजी को बुला क्यों नहीं देता? कब से पुकार रही है बेचारी.”

नसीम आपा हे बाकावर शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाल्या, मला नाही. मी व्हरांड्याच्या दाराशी टेबल घेऊन पेशंटची नावं लिहीत होते. मान वर न करता मी नजर फिरवली. बाक भरलेला होता, पण त्या ज्या टोकाकडे बघत होत्या तिथे कोणी नव्हतं. तिथे आमचा पाण्याचा माठ, त्यावर ताटली, ताटलीवर उपडा ठेवलेला स्टीलचा पेला... बस.

“किसकी बहू है?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“हमें क्या मालूम, दुल्हन. आवाज़ से नई लगती है. इतने अदब से कौन बुलाता है आजकल सास को.”

दोघी हसल्या. मी पुढचं नाव लिहिलं. मला हसू आलं नाही, कारण आवाज मीही ऐकला होता. मला वाटलं होतं, कोणाच्यातरी मोबाईलवर व्हिडिओ चालू असेल.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. ह्या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव आई रोज चहाबरोबर वाचते आणि मला ऐकवते, आणि मी दर वेळी मनात त्यांची कारणं शोधत बसते – झोप झाली नसेल, ताप असेल, आधीच कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल. मोठ्यानं म्हणत नाही, कारण मोठ्यानं मी फारसं काहीच म्हणत नाही. हे लिहितेय ते आईच्या आग्रहानं. शुद्धलेखन तीच तपासणार आहे.

आम्ही लखनौला महानगरमध्ये राहतो. बाबा मूळचे साताऱ्याचे, लष्करात डॉक्टर होते. शेवटचं पोस्टिंग इथलं, मग इथेच घर घेतलं. निवृत्तीनंतर त्यांनी खालच्या दोन खोल्यांत दवाखाना सुरू केला. कपूरथला मार्केटमधले दुकानदार, आसपासच्या घरांत काम करणाऱ्या बायका, नसीम आपांसारखी जुनी मंडळी असे सगळे येतात. माझं ऑफिसचं काम घरूनच चालतं, म्हणून सकाळी नावं लिहायचं काम माझ्याकडे.

माझं सगळं शिक्षण कँटोन्मेंटच्या इंग्लिश शाळांत झालं. मराठी कळते सगळी, पण तोंडातून हिंदीच येते. आई मराठीत विचारते, मी हिंदीत उत्तर देते, आमचं वर्षानुवर्षं हेच चालू आहे. मला ‘ण’ तर येतच नाही. पाणीला मी पानी म्हणते, लोणीला लोनी. आई नातेवाइकांसमोर मुद्दाम म्हणायला लावायची आणि सगळे हसायचे, तेव्हापासून मी प्रयत्नही सोडून दिला. हे ‘ण’चं लक्षात ठेवा. ह्या सगळ्यात तेवढ्याचंच उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तर नसीम आपा बोलल्या त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. रोज नाही, पण यायचा आवाज. बाईचा, खोल, घसा कोरडा पडलेला. थोडं थांबून, परत. पेशंटपैकी काहींना ऐकू यायचा, काहींना नाही. ज्यांना यायचा ते बिचारे सभ्यपणे आजूबाजूला बघायचे – कोणाची सून, कोणाची सासू. पण मला एक गोष्ट जाणवली होती. ती ‘माँजी’ म्हणत नव्हती. त्यात नाकातला उच्चार नव्हताच.

एकदा जेवताना आईनं विषय काढला.

“अहो, ती सुनीता सांगत होती, दवाखान्यात कोणीतरी बाई माँजी माँजी करते म्हणे. दिसत कोणीच नाही.”

सुनीता आमच्याकडे स्वयंपाकाला येते. तिची दोन वर्षांची गुड़िया तिच्याबरोबर असते आणि दिवसभर आमच्या घरभर फिरते. बाबा तिला जीभ दाबायची लाकडी पट्टी देतात आणि ती सगळ्यांना, अगदी फ्रीजलासुद्धा, “आऽऽ करो” म्हणत फिरते.

बाबा हसले. “मग? फी दिली का तिनं?”

“माँजी नहीं बोलती,” मी म्हणाले. “माजी. बिना बिंदी के.”

“घ्या! माजी सैनिकाच्या घरात माजी-माजीच ऐकू येणार,” आई म्हणाली. तिच्या विनोदावर ती स्वतःच हसली.

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत ताटात ठेवला, हात धुतले आणि उठून गेले. आई म्हणाली, “आता ह्यांना काय झालं?” मला काही कळलं नाही, पण आपण बोलायला नको होतं असं वाटून गेलं. मला बहुतेक वेळा तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दवाखाना उघडला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पेशंट गेटपाशी येऊन परत जायचे. बाबा सकाळी तयार होऊन, पांढरा शर्ट, पट्टा, सगळं नीट करून खाली यायचे आणि तपासायच्या खोलीत न जाता व्हरांड्यातल्या बाकावर, माठाच्या शेजारी जाऊन बसायचे. मग उठायचे. गेटपर्यंत जायचे. परत बसायचे. माठाची ताटली उचलून आत बघायचे. मे महिना, अंगाची लाही करणारी लू, आणि हा माणूस धड पाणीसुद्धा पीत नव्हता. आईनं ग्लास हातात दिला की घोटभर घेऊन बाजूला ठेवायचा.

“त्या नसीम आपांचं ब्लडप्रेशर कोण बघणार?” आई चिडून म्हणाली. “दोनदा येऊन गेल्या त्या.”

“दुसरे डॉक्टर आहेत.”

“त्यांना दुसरे नकोयत. त्या म्हणतात, कर्नल साहब डाँटते भी तमीज़ से हैं.”

एरवी बाबा ह्यावर खूश झाले असते. आज ते उठून पुन्हा गेटपर्यंत गेले. आई स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी कुजबुजली, “मने, हा माणूस असाच बसून राहिला ना, तर हातचा जाईल. तुला काही बोललेत का?”

मला बोलले नव्हते. पण त्याच दिवशी अकराच्या सुमारास मी बाहेर गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तेच बोलायला लागले, समोर बघत, जसं केस समजावून सांगतात तसं.

“मी काँगोत होतो, तुला आठवत नसेल, लहान होतीस. शांतिसेनेच्या हॉस्पिटलात. आमचं काम सैनिकांचं, पण लढाई जवळ आली की गावातली माणसं गेटवर यायची. त्यांना काय परत पाठवणार? तिकडे स्वाहिली बोलतात. मला चार शब्द यायचे – कुठे दुखतं, श्वास घ्या, असले. बाकी सगळं इमानुएल सांगायचा, आमचा दुभाषा. आधी शाळामास्तर होता.

“एक दिवस ट्रक भरून माणसं आली. गावावर हल्ला झाला होता. स्ट्रेचर संपले, माणसं जमिनीवर ठेवली. इमानुएल पार दुसऱ्या टोकाला. एक बाई होती. पोटात गोळी. शेजारी एक लहान मुलगी, झोपल्यासारखी. बाईनं माझी पँट धरली आणि म्हणायला लागली – माजी, माजी. आता तूच सांग मने, साताऱ्याच्या माणसाला काय ऐकू येणार?”

“माइन,” मी इंग्रजीत म्हणाले.

“हां. माझी. ही मुलगी माझी, हिला बघा. मला क्षणभरसुद्धा वाटलं नाही की ही बाई मराठी कशी बोलेल. मी मुलीला उचललं, तर माझा तळहात ओला झाला. पाठीत छर्रा शिरला होता. रडत नव्हती ना, म्हणून कोणी बघितलंच नव्हतं तिला. उचलली आणि थेट टेबलावर घेतली. बाईला मी हातानं खूण केली, आलोच म्हणून. वाचली मुलगी.”

“और वो?”

“बाहेर आलो तेव्हा तिच्या तोंडावर कापड ओढलेलं होतं.” बाबांनी माठावरचा पेला सरळ केला, परत उपडा ठेवला. “संध्याकाळी मी इमानुएलला म्हणालो, मुलीला सांभाळा, तिची आई गेली. तो म्हणाला, डॉक्टर, ती तिची आई नव्हती. वाटेत कोणीतरी पोरगी तिच्या शेजारी ठेवली एवढंच. आणि ती पाणी मागत होती. माजी म्हणजे पाणी.”

रस्त्यावरून ई-रिक्शा गेली. आम्ही दोघांनी ती पार दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

“पोटाची जखम, पाणी मी दिलं नसतंच. पण गॉजचा बोळा ओला करून ओठांवर ठेवता येतो. तेवढं कुणीही करतं. तिला वाटलं असेल, ह्या माणसाला कळलं आणि तरी पाठ फिरवून गेला.”

मी म्हणायला हवं होतं की बाबा, मुलगी वाचली ना. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

“तुम्हा सगळ्यांना ऐकू येतं,” बाबा म्हणाले. “सुनीताला, आपांना, तुला. मी सकाळपासून इथे बसतो मने. मला येत नाही.”

आईला मी रात्री सगळं सांगितलं. आई अशा वेळी फार सरळ विचार करते. “मग ठेवा की एक पेला भरून. तहानलेल्या माणसाला पाणी द्यायला काय लागतं?” दुसऱ्या दिवसापासून बाकाच्या टोकाला भरलेला पेला ठेवायला लागलो. पाणी उन्हानं कोमट व्हायचं, संध्याकाळी आई ते मोगऱ्याला घालायची. आवाज थांबला नाही. आवाज आला की बाबांना माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. ते भुवया उचलून विचारायचे – आत्ता? मी मान हलवायचे. मग ते त्या रिकाम्या जागेकडे असे बघत राहायचे की मला तिथे बसवत नसे.

तो दिवस शनिवार होता. आई हज़रतगंजला गेली होती, चष्मा बदलायला. सुनीता दुपारचं आटपून भाजी आणायला कपूरथला मार्केटला गेली. गुड़िया बाहेरच्या खोलीत कूलरसमोर चटईवर झोपली होती, मुठीत लाकडी पट्टी. बाबा व्हरांड्यात. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर, कानात हेडफोन.

हेडफोन लावलेले असतानाही मला आवाज आला.

मी ते काढले. माजी. माजी. एरवी ती थांबून थांबून म्हणायची, थकल्यासारखी. आज थांबतच नव्हती. मला वाटलं, पेला सांडला असेल. मी व्हरांड्यात गेले. बाबा भिंतीला डोकं टेकून बसले होते, डोळे मिटलेले. पेला जागेवर होता, काठोकाठ भरलेला. तरी मी माठातून दुसरा भरला आणि शेजारी ठेवला. घाईत थोडं पाणी बाकावर सांडलं.

आवाज थांबला नाही. आणि तो व्हरांड्यातून येतच नव्हता. घराच्या मागच्या बाजूनं येत होता.

मी तिथे उभी राहून विचार केला – अजून आठवलं की अंगावर काटा येतो, की मी चक्क उभी राहून विचार करत होते – हिला पाणी दिलं, आता हिला काय हवंय? आणि मग लक्षात आलं की ती मागत नाहीये. ती सांगतेय.

मागच्या अंगणात कूलर भरण्यासाठी सिमेंटचा एक बुटका हौद आहे. त्याच्यावर पत्र्याचं झाकण असतं. मी आत पळाले. चटईवर गुड़िया नव्हती. मागचं दार उघडं. कूलर भरताना काढलेलं झाकण तसंच भिंतीला टेकवलेलं. हौदाच्या काठावर लाकडी पट्टी, आणि पाण्यात तिचा पिवळा फ्रॉक फुगलेला.

मी तिला बाहेर ओढलं. ती जड लागली आणि तिची मान मागे पडली. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. हे मला पक्कं आठवतंय, कारण त्या क्षणी मला स्वतःचा एवढा राग आला होता की इतका राग मला कधी आला नाही. आत्तासुद्धा तुझा आवाज निघत नाही?

पण बाबा आले. चपला न घालता, तापलेल्या फरशीवरून, पळत. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. गुड़ियाला माझ्या हातातून घेतलं, सावलीत जमिनीवर निजवलं, तोंडात बोट फिरवलं आणि तिच्या नाकातोंडावर स्वतःचं तोंड ठेवलं. मग एका हातानं छाती दाबायला लागले. इतके दिवस पाण्याचा ग्लास नीट न धरणारा हात, आणि तो असा चालत होता जणू त्याला दुसरं काही ठाऊकच नाही. परत श्वास. परत छाती. मी तिचे पाय धरून बसले होते. का, ते माहीत नाही.

तिला उलटी झाली. पाणी, दूध, परत पाणी. मग ती रडली.

बाबा मागे भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक. “हॉस्पिटल,” एवढंच म्हणाले. “फुप्फुसात पाणी गेलं असेल. ठेवून घ्यावं लागेल.”

गुड़िया आता धडधाकट आहे. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं, मग सोडलं. हौद आईनं दुसऱ्याच दिवशी उपसून मातीनं भरून टाकला, तिथे आता पुदिना आहे. बाबांनी दवाखाना उघडला. आवाज परत आला नाही. नसीम आपांनी मध्ये मला विचारलं, “बिटिया, उस बहू की माँजी मिल गईं क्या? अब नहीं पुकारती.” मी म्हणाले, “जी आपा, मिल गईं.”

मी कारणं शोधलीयेत, नाही असं नाही. शेजारच्या गल्लीतलं कोणी असेल. वारा कूलरच्या जाळीतून असा वाजत असेल. एकानं म्हटलं म्हणून बाकीच्यांना ऐकू आलं असेल. माझ्या डोक्यात बाबांची गोष्ट होती, शिवाय सुनीता बाहेर गेली आणि पोर झोपलंय हेही कुठेतरी होतं, म्हणून मी मागे गेले असेन. हे सगळं मी मान्य करायला तयार आहे.

पण त्या संध्याकाळी, हॉस्पिटलच्या बाहेर चहा घेताना, मी बाबांना विचारलं, “आपको कैसे पता चला?”

“म्हणजे? तू ओरडलीस की.”

“मैं?”

“मागून. ‘पाणी, पाणी’ म्हणून. मी त्यावरच तर उठलो.” मग ते पहिल्यांदाच थोडं हसले. “आणि चक्क नीट म्हणालीस. ‘ण’ एकदम स्वच्छ. तुझ्या आईला सांगायला हवं.”

ग्लासातला चहा संपेपर्यंत त्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. नाही. मी ओरडले नव्हते. त्यानंतर आम्ही दोघं ह्यावर कधी बोललो नाही. मला ह्याचं स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं, आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर सांगा.

त्या चहाच्या आधीचा, हॉस्पिटलात पोचतानाचा प्रसंग मी आईलाही सांगितला नव्हता. आता ती हे तपासताना वाचेल.

ई-रिक्शातून उतरलो तेव्हा बाबांना धाप लागली होती, ते दारातल्या खुर्चीवर बसले. गुड़िया माझ्या खांद्यावर, ओली, खोकत, माझा कुडता मुठीत घट्ट धरून. सुनीताला फोन लागला होता, ती वाटेत होती. आत खूप गर्दी होती. एरवी मी अशा ठिकाणी कोणीतरी माझ्याकडे बघेपर्यंत उभी राहते. त्या दिवशी मी माणसांना बाजूला सारत काउंटरपर्यंत गेले.

“पानी में गिर गई थी,” मी म्हणाले.

नर्सनं लगेच तिला माझ्याकडून घेतलं, आतल्या बेडवर ठेवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. गुड़िया मास्क ओढत माझ्याकडे हात करायला लागली. नर्स वळून, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशी ओरडली, “बच्ची किसकी है? इसके साथ कौन है?”

मला सांगायचं होतं की हमारे यहाँ जो खाना बनाती हैं, उनकी बेटी. वाक्य तयार होतं, हिंदीत, नीट. तोंडातून दुसरंच आलं.

नर्सनं कपाळाला आठी घातली. “माँजी? किसकी माँजी?”

“नाही,” मी म्हणाले. “माझी.”